धडधाकट जनावरांतील रोग : वऱ्हाडच्या गोठ्यांतील कीटकवाहित परजीवींचा आढावा

मृग बरसून वऱ्हाडची काळी जमीन चिखलाळली, पूर्णेच्या दोन्ही अंगांचे नाले वाहू लागले आणि खारपाणपट्ट्यातील डबकी व शेततळी भरून आली, म्हणजे पेरणीच्या धांदलीत कोणाच्या ध्यानात येऊ नये अशी आणखी एक घडामोड त्याच मुलखात सुरू होते : गुरांच्या रक्तावर पोसणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी यांची नवी पिढी ओल्या चिखलातून, उकिरड्यांतून व कोठ्यांच्या भिंतींतील भेगांतून बाहेर पडते. या जीवांनी प्यालेल्या रक्ताची हानी थोडी नाही. पण त्याहून कितीतरी मोठी हानी ते ज्यांना एका जनावरातून दुसऱ्या जनावरात पोचवितात त्या सूक्ष्म परजीवींमुळे होते, आणि हे परजीवी पावसाळ्यात नव्याने कोठून उत्पन्न होतात, की वर्षभर कोठे तरी दडून राहिलेले असतात, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या पशुपालकाला वाटतो त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. गोचीड ही शास्त्रदृष्ट्या कीटक नव्हे, आठ पायांची अष्टपाद आहे. तथापि गोठ्यातील व्यवहार पाहता तिला या विषयातून वगळणे अशक्य आहे.

या आढाव्यात मला मुख्यतः एकच गोष्ट मांडावयाची आहे, ती अशी की, हे रोग आजारी जनावरांच्या आधाराने टिकत नाहीत. ते टिकतात निरोगी दिसणाऱ्या, चारा खाणाऱ्या, दूध देणाऱ्या, औत ओढणाऱ्या जनावरांच्या आधाराने. आणि आपला सारा बंदोबस्त मात्र, दवाखान्याच्या नोंदवहीपासून नुकसानभरपाईच्या अर्जापर्यंत, आजारी आणि मेलेल्या जनावरांभोवती उभारलेला आहे.

या ज्ञानाचा उगम बराचसा आपल्याच देशात झाला, हे सहसा सांगितले जात नाही. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याला सर्रा रोगाने मरणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारा एक चाबकासारखा जीव दिसला. सस्तन प्राण्यांतील ट्रिपॅनोसोम हा रोगाचे कारण असू शकतो, हे प्रथम तेथे कळले, आणि पुढे त्या जीवाला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे नाव त्याच्याच नावावरून पडले. १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली, तिचे प्रमुख अल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्राचा दीर्घ अभ्यास केला, आणि ती संस्था पुढे १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. त्याच १८९३ साली अमेरिकेत स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांचा रक्तमूत्री ताप गोचिडीमुळे पसरतो असे सप्रमाण दाखविले. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत, म्हणजे वऱ्हाड कायद्याने ज्या निजामाच्या मालकीचा होता त्याच्याच राज्यात, डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले, आणि दुसऱ्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्या जंतूंचे संपूर्ण भ्रमणचक्र सिद्ध केले. १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी घोडमाश्यांच्या दंशाने सर्रा संक्रांत होतो हे प्रयोगाने पडताळले. या सर्व शोधांमागे सरकारची चिंता होती ती लष्कराच्या घोड्यांची, उंटांची आणि सैनिकांची. कुणब्याच्या बैलाकडे आणि गवळ्याच्या म्हशीकडे विज्ञानाचे लक्ष फार उशिरा वळले, आणि त्या विलंबाचे परिणाम अजून पुरते भरून निघालेले नाहीत.

सर्राचा परजीवी हा या विषयाचा खरा नायक म्हटला पाहिजे, कारण त्याच्या जीवनक्रमात परजीवी कसे टिकतात याची जवळजवळ सर्व उत्तरे एकवटली आहेत. त्याचे मूळ कुळ आफ्रिकेतील; तेथील त्याचे सोयरे त्सेत्से माशीच्या शरीरात वाढून, रूपांतर पावून, मगच दुसऱ्या जनावरात जातात, आणि म्हणून जेथे त्सेत्से नाही तेथे ते जाऊ शकत नाहीत. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय याने आपल्या आनुवंशिक द्रव्याचा एक भाग गमावला आणि त्याबरोबर त्सेत्सेच्या शरीरात वाढण्याचे सामर्थ्यही गमावले. पण या हानीतूनच त्याला सबंध जग खुले झाले, कारण ज्याला माशीच्या पोटात वाढावयाचेच नाही त्याला कोणतीही चावरी माशी चालते. घोडमाशीचा दंश वेदनादायक असतो. म्हैस शेपूट मारते, कातडी थरथरविते, पाय आपटते, आणि माशी अर्धवट रक्त पिऊन उडते. तिची भूक भागलेली नसते, म्हणून ती लगेच शेजारच्या जनावरावर बसते आणि सोंडेवर उरलेल्या रक्तातील परजीवी त्याच्या शरीरात उतरतात. माशीच्या मुखावयवांवर हे जीव काही मिनिटेच, फार तर काही तास जगतात. म्हणजे रोगाचा प्रसार अंतरावर अवलंबून असतो : जनावरे जितकी दाटीने उभी तितका परजीवीचा प्रवास सोपा. जनावर दूर असेल तर अर्धपोटी माशी तिकडे न जाता पुन्हा पहिल्याच जनावराकडे परतते, आणि साखळी तुटते.

पण माशीच्या सोंडेवर काही तास जगणारा जीव माश्या नसलेल्या हिवाळ्याच्या व उन्हाळ्याच्या महिन्यांत कोठे असतो? तो असतो जनावराच्या रक्तात, आणि तेथे टिकण्याची त्याची युक्ती अद्भुत आहे. त्याच्या देहावर प्रथिनांचे एक आवरण असते. शरीराची प्रतिकारशक्ती त्या आवरणाची ओळख पटवून त्याच्यावर हल्ला करू लागली, की त्यांतील काही थोडे जीव आपले आवरण बदलतात, आणि प्रतिकाराला पुन्हा प्रारंभापासून तयारी करावी लागते. अशा आवरणांची शेकडो जनुके त्याच्या संग्रही असतात. म्हणूनच सर्राचा ताप चढतो, उतरतो, काही दिवसांनी पुन्हा चढतो. घोडा, उंट व कुत्रा यांना ही लढाई बहुधा सोसत नाही. गाई-बैल आणि विशेषतः म्हशी यांच्यात मात्र उभय पक्षांत एक प्रकारचा तह होतो : परजीवी रक्तात अत्यल्प संख्येने राहतो, जनावर जरा रोड होते, दूध थोडे आटते, कधी गाभ जातो, आणि धन्याला काही संशय येत नाही. औताचा ताण, वेत, दूरचा प्रवास, दुसरा एखादा रोग यांपैकी काही ओढवले म्हणजे हा तह मोडतो. मग काल रवंथ करणारे जनावर आज चक्राकार फिरते, भिंतीवर डोके दाबते, आणि पिसाळले असावे अशी शंका घेण्याइतके भ्रमिष्ट होऊन मरते. अशा वेळी बाहेरचे पाणी बाधले, विषबाधा झाली, नजर लागली, असे नाना तर्क होतात. प्रत्यक्षात रोग त्या जनावरात कदाचित मागील आश्विनापासून वस्तीला होता.

वऱ्हाडच्या ग्रामव्यवहारात या परजीवीला अनुकूल अशा कित्येक गोष्टी एकत्र आलेल्या आहेत, आणि त्यांपैकी एकही कोणाच्या दुष्टाव्याने आलेली नाही. सकाळी आखरावर गावाची ढोरे जमतात, गायकी ती एकत्र हाकून नेतो. दिवसाच्या उजेडात, उबदार हवेत घोडमाशीचा सुळसुळाट असतो तेव्हा सारी जनावरे एका कळपात असतात. दुपारी म्हशी पाण्यात डुंबतात. डुंबल्याने माश्यांपासून त्यांचे रक्षण होते हे खरे, पण ज्या ओल्या चिखलाच्या काठाशी त्या येतात-जातात तेथेच घोडमाशीच्या अळ्या महिनोन्‌महिने वाढत असतात. तबेल्यातील लहान चावरी माशी शेण व मूत्र मिसळलेल्या कुजट कडब्यात व कुटारात अंडी घालते, आणि तो उकिरडा बहुतेक ठिकाणी कोठ्याला लागूनच असतो. यात बैलबाजारांची भर घातली पाहिजे. एका बाजारात दहा गावांची जनावरे एका दिवशी शेजारी शेजारी बांधली जातात आणि संध्याकाळी दुसऱ्या दहा गावांना रवाना होतात; परजीवीच्या दृष्टीने याहून सोयीची पेठ कल्पिता येणार नाही.

कच्छकडील रबारी आपल्या मेंढ्या, गाई व ओझ्याचे उंट घेऊन विदर्भाच्या शिवारांतून वर्षानुवर्षे फिरत आले आहेत, आणि उंट हे सर्राचे जुने आश्रयस्थान असल्याने एखाद्याला त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा मोह होईल. तो मोह आवरला पाहिजे. ज्या मुलखात घरच्याच म्हशी परजीवी बाळगून आहेत तेथे परक्या भटक्याला आरोपी करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. त्याहून जवळचे एक संक्रमणसाधन आपण स्वतःच हाती धरतो : कळपातील सर्व जनावरांना एकाच सुईने टोचणे. माशीच्या सोंडेने जे होते तेच न उकळलेल्या सुईने होते, आणि तेही अधिक रक्तानिशी.

गोचिडीच्या द्वारे पसरणाऱ्या परजीवींची रीत याहून निराळी आहे. येथे वाहक केवळ वाहक नसतो, परजीवीचे लैंगिक जीवनचक्र त्याच्या शरीरात पूर्ण होते, आणि त्यामुळे गोचीड स्वतःच रोगाचे भांडार बनते. बबेसिया हा परजीवी ज्या गोचिडीतून पसरतो ती आपले सारे आयुष्य एकाच जनावरावर काढते. मग एका गाईतून दुसऱ्या गाईत तो जातो कसा? मादी गोचीड रक्ताने टम्म फुगून जमिनीवर गळते, दोन-तीन हजार अंडी घालते, आणि परजीवी त्या अंड्यांत शिरून पुढच्या पिढीत उतरतो. गवताच्या पात्यावर वाट पाहणारी पिल्ले जन्मतःच संसर्गित असतात. गाईला लाल लघवी होते ती याच परजीवीमुळे. थायलेरियाची तऱ्हा अशी नाही; तो अंड्यांतून जात नाही. हायलोमा जातीची गोचीड बाल्यावस्थेत बाधित जनावराचे रक्त पिते, गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरून कात टाकते, आणि प्रौढ होऊन दुसऱ्या जनावराला चिकटते तेव्हा परजीवी तिच्या लाळेत सिद्ध होऊ लागतो. या सिद्धतेला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून चिकटल्यावर लवकर काढलेली गोचीड बहुधा रोग देऊ शकत नाही. ही गोष्ट ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत त्याच्या फार उपयोगाची आहे. थायलेरिया जनावराच्या पांढऱ्या पेशींत शिरून त्यांना अनिर्बंध वाढावयास लावतो. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०५ अंशांवर जातो, जनावर निस्तेज होऊन पडते. बुपारव्हाकोन हे औषध वेळेवर मिळाले तर गाय वाचते. परंतु वाचलेल्या गाईच्या तांबड्या पेशींत परजीवी दीर्घकाळ, पुष्कळदा आयुष्यभर राहतो, आणि कोठ्यातील गोचिडींना तेथून तो पुन्हा पुन्हा मिळत राहतो.

येथे वऱ्हाडच्या अलीकडील इतिहासाशी या विषयाचा जो संबंध येतो तो मला फार विचारणीय वाटतो. गवळाऊ गाय, येथली नागपुरी म्हैस, बेरारी शेळी ही जनावरे या गोचिडींबरोबर शेकडो पिढ्या राहिलेली आहेत. वासरू अगदी कोवळ्या वयात, अंगच्या आणि आईकडून मिळालेल्या प्रतिकारशक्तीच्या छायेत, थोडासा संसर्ग घेते, फारसे आजारी न पडता त्यातून बाहेर येते, आणि पुढे जन्मभर सुरक्षित राहते. रोग सर्वत्र असूनही रोगी कोणी दिसत नाही, अशी ही स्थिर अवस्था असते. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी, ज्यांत अमरावती व अकोला दोन्ही होते, पंतप्रधानांनी जे विशेष साहाय्य जाहीर केले त्यात जोडधंद्यासाठी अनुदानावर अधिक दुधाची जनावरे देण्याची तजवीज होती. हेतू सद्भावनेचा होता. परंतु जर्सी वा होल्स्टीन रक्ताची संकरित गाय थायलेरियाला देशी गाईहून कितीतरी अधिक बळी पडते; प्रौढ वयात प्रथमच अशा कोठ्यात आलेल्या गाईजवळ ना वंशाची सोबत, ना बालपणीच्या संसर्गाचे कवच. शेजारच्या दावणीला उभा असलेला गवळाऊ बैल पूर्णपणे धडधाकट असतो, आणि तिला मारणारा परजीवी त्याच्याच रक्तात असतो. गाय देणाऱ्या शासनाने गाईबरोबर कोठ्याचीही तपासणी करावयास हवी होती, भेगा बुजविण्यास व लस टोचण्यास पैसा द्यावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. थायलेरियाची लस भारतात तयार होते. मात्र ती द्रवरूप नायट्रोजनच्या अतिशीत पात्रात ठेवावी लागते, आणि दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्याच्या आडवळणाच्या गावापर्यंत ते पात्र नेणे ही शास्त्राची अडचण नसून कारभाराची आहे.

अर्धवट गोचीडनाशाचे धोकेही येथेच सांगितले पाहिजेत. औषध फवारून गोचिडी थोडा काळ कमी केल्या, की वासरांना बालपणीचा तो सौम्य संसर्ग मिळत नाही. पुढे फवारणी थांबली आणि गोचिडी परतल्या म्हणजे तीच जनावरे प्रौढपणी प्रथमच संसर्गाला सामोरी जातात. शिवाय एकाच औषधाची सौम्य मात्रा वारंवार वापरल्याने सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या द्रव्यांना न जुमानणाऱ्या गोचिडी भारताच्या अनेक भागांत आढळल्या आहेत. म्हणून फवारणी करावयाची तर पुरती, अंगाबरोबर भिंतीवर आणि जमिनीवर, आणि वर्षानुवर्षे.

डासांनी पसरणारे सिटारिया हे सूत्रकृमी गुरांच्या उदरपोकळीत बहुधा निरुपद्रवी असतात. तेच चुकून घोड्यात वा शेळी-मेंढीत शिरले, तर मज्जारज्जूत किंवा डोळ्यात भटकून कंबर लुळी पाडतात वा दृष्टी घालवितात. यजमान बदलला की सौम्य परजीवीही किती घातक होऊ शकतो याचा हा पुरावा आहे. घरमाशीच्या कुळातील माश्या गुरांच्या डोळ्यांतील कृमी एकाच्या आसवांतून दुसऱ्याकडे नेतात. या दोहोंवर अधिक लिहिण्याचे येथे कारण नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोगाची जी साथ जळगावच्या बाजूने आली आणि बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांत हजारो घरांत जिने शोककळा पसरविली, तिचे कारण विषाणू होता, परजीवी नव्हे. तरीही ती या आढाव्यात आली पाहिजे, कारण विषाणूने वापरलेली वाट सर्राचीच होती : चावऱ्या माश्या, डास, गोचिडी आणि जनावरांची ने-आण. त्या वेळी शासनाने जनावरांचे बाजार बंद केले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना मोठ्या प्रमाणावर टोचली, गोठ्यांत फवारण्या झाल्या. लोकांनी सहकार्य केले, कारण रोग डोळ्यांना दिसत होता. अंगभर गाठी उठलेली गाय कोणालाही ओळखता येत होती. साथ ओसरताच फवारणी थांबली, माश्यांची ती वाट मात्र मोकळीच राहिली. न दिसणाऱ्या रोगासाठी त्या उत्साहाचा दशांशही आजवर खर्ची पडलेला नाही.

वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर सातपुड्यात मेळघाट आहे. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना झाली. कोरकू व गवळी यांची गावे त्या अरण्यात आणि अरण्याच्या कडेला आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे पुनर्वसन अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर झाले आहे. गावची गुरे, रानगवे, सांबरे एकाच पाणवठ्यावर येतात. माशीला व गोचिडीला वनखात्याची हद्द ठाऊक नसते. मांसाहारी प्राण्यांना तर दंशाचीही गरज नाही. सर्राने बाधित जनावराचे ताजे मांस खाल्ल्यानेही तो त्यांच्यात शिरू शकतो. जुलै २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात अनेक वाघ अल्पावधीत मेले ते याच परजीवीने. २०१८ मध्ये गीरच्या अरण्यात २३ सिंह दगावले तेव्हा श्वानज्वराच्या विषाणूबरोबर गोचिडीतून येणारा बबेसियाही त्यांच्यात आढळला. मेळघाटच्या कडेला वाघाने ओढून नेलेल्या बैलाचा पंचनामा होतो, धन्याला भरपाई मिळते. त्या बैलाच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेण्याची पद्धत पाडणे कठीण नाही.

मनुष्याला सर्रा होत नाही असे दीर्घकाळ मानले जात असे, कारण आपल्या रक्तातील अ‍ॅपोलिपोप्रोटीन एल-१ नामक प्रथिन या परजीवीला फोडून टाकते. २००४ साली विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील शिवनी येथील एका पशुपालक शेतकऱ्याच्या रक्तात, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तापाचा शोध घेताना, हा परजीवी आढळला; जगातील अशा निश्चितपणे सिद्ध झालेल्या रुग्णाची ती पहिली नोंद मानली जाते. सुरामीन या औषधाने तो बरा झाला, आणि त्याच्या शरीरात ते संरक्षक प्रथिनच जन्मतः तयार होत नव्हते, असे पुढे उघड झाले. त्यानंतर त्या गावातील १८०६ लोकांचे रक्त तपासले गेले. प्राथमिक चाचणीत ४१० जणांत परजीवीशी संपर्क आल्याच्या खुणा मिळाल्या, पण रक्तरसाच्या चाचणीत त्या ८१ जणांतच पक्क्या ठरल्या, आणि पुढे ज्यांचे रक्त तपासले त्यांपैकी एकाच्याही रक्तात तो जिवंत सापडला नाही. घाबरून जाण्याचे कारण या आकड्यांत नाही. पण एका गावातील इतक्या माणसांपर्यंत जो परजीवी पोचतो तो त्या गावाच्या गुरांत किती खोल मुरलेला असेल, हा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि तो केवळ चंद्रपूरचा प्रश्न नव्हे.

२००९ च्या केंद्रीय कायद्याने सर्रा, थायलेरिया व बबेसिया यांचे रोग अनुसूचित केले आहेत, म्हणजे ते आढळले तर कळविणे बंधनकारक आहे. परंतु आढळण्यासाठी शोधावे लागते. तापात फणफणलेल्या जनावराच्या रक्तलेपात परजीवी सहज दिसतो. तह झालेल्या म्हशीच्या रक्तलेपात तो शंभरदा पाहूनही न दिसण्याचा संभव असतो, आणि काचपट्टी स्वच्छ निघाली एवढ्यावरून म्हैस मुक्त आहे असा दाखला देणे चूक ठरते. प्रतिद्रव्यांची व जनुकद्रव्याची परीक्षा हाच येथे उपाय. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, तालुकोतालुकी दवाखाने आहेत. भाद्रपद-आश्विनात, माश्यांचा जोर ओसरू लागताना, निवडक गावांतील निरोगी दिसणाऱ्या म्हशींचे आणि बाजारातील विक्रीच्या बैलांचे रक्तनमुने दरवर्षी गोळा करण्याचा शिरस्ता या तिन्हींनी मिळून घातला, तर दहा वर्षांत वऱ्हाडचा असा नकाशा तयार होईल की ज्यावरून औषध कोठे, फवारणी कोठे आणि संकरित गाय देणे कोठे थांबवावे, हे ठरविता येईल.

अशा तपासणीला पशुपालक जनावर दडवतील, अशी भीती काही अधिकारी बोलून दाखवितात. ती निराधार नाही. बाजार बंद झाल्याचा आणि जनावराची किंमत पडल्याचा अनुभव २०२२ मध्ये सर्वांनी घेतला आहे. म्हणून तपासणीच्या पहिल्याच दिवशी, आखरावर सर्वांसमक्ष, हे सांगितले गेले पाहिजे की ज्या म्हशीच्या रक्तात सर्रा निघेल ती कोणी जप्त करणार नाही. तिला वजनाप्रमाणे क्विनापायरामीनची टोचणी स्वतंत्र सुईने फुकट दिली जाईल, माश्यांच्या दिवसांत ती इतरांपासून थोडी दूर बांधण्यास सांगितले जाईल, आणि काही महिन्यांनी तिचे रक्त पुन्हा तपासून निकाल धन्याच्या हाती लेखी दिला जाईल.